कॉन्फिगरेशन फाइलचे वाचन आणि देवनागरी शब्द : एक चिकित्सा

कॉन्फिगरेशन फाइल हा साध्या मजकुराचाच एक प्रकार होय. युनिक्स परंपरेतील वापरकर्त्यांच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीत सात रकाने असून ते अपूर्णविरामाने विलग केलेले असतात. अशा ओळी फोडून त्यांतील माहिती वेचण्यासाठी १९७७ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये अ‍ॅहो, वाइनबर्गर व कर्निगन यांनी ‘ऑक’ ही भाषा रचली. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची ‘पर्ल’ आली व पुढे ‘पायथन’ रूढ झाली. या वाचनपद्धतीत ‘शब्द’ म्हणून जे गृहीत धरले जाते त्याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समजा, एखाद्या फाइलमध्ये ‘गाव = पिंपळनेर’ अशी ओळ आहे. पायथनच्या अंगभूत रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दातील अक्षरासाठी ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ हे चिन्ह योजतात. त्याआधारे या गावाचे नाव वेचले असता ‘प’, ‘पळन’ आणि ‘र’ असे तीन तुकडे हाती येतात. कारण वेलांटी, मात्रा, अनुस्वार व हलन्तचिन्ह यांना ही भाषा अक्षर मानत नाही. नावाची वैधता याच चिन्हाने तपासल्यास ‘रमण’ व ‘कमल’ स्वीकारले जातात, ‘किरण’ व ‘सुनीता’ मात्र नाकारले जातात. वेचण्याच्या प्रकारात तर चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. मोडलेले नाव निमूटपणे पुढे जाते, हे अधिक घातक.

हा दोष देवनागरीचा नाही, तसाच युनिकोडचाही नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनविषयीच्या युनिकोडच्या शिफारशीत शब्दाच्या व्याख्येत ही जोडचिन्हे समाविष्ट आहेत आणि पर्ल त्याप्रमाणे वागते. पर्लचे कर्ते भाषाशास्त्राचे अभ्यासक होते, ही बाब येथे सहज आठवते. पायथनची व्याख्या मात्र स्वर-व्यंजने सुटी लिहिणाऱ्या रोमन लिपीला साजेशी आहे.

तथापि सर्व दोष यंत्राच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. मराठी टंकलेखनात विसर्गाच्या जागी अपूर्णविराम देण्याची सवय सार्वत्रिक आहे. दिसायला दोन्ही सारखेच, पण युनिकोडमध्ये विसर्गाला ०९०३ हे स्वतंत्र स्थान आहे. पायथनचा ‘कॉन्फिगपार्सर’ बरोबरीचे चिन्ह आणि अपूर्णविराम या दोहोंना विभाजक मानतो व जे प्रथम येईल तेथे ओळ तोडतो. परिणामी ‘अंत:करण = शुद्ध’ या ओळीत नाव उरते ‘अंत’ आणि बाकी सारे त्याचे मूल्य ठरते. येथे यंत्र नियमाला धरूनच वागलेले असते. चुकलेला असतो तो लिहिणारा. मुद्रितशोधनाच्या तासाला जी चूक आपण किरकोळ म्हणून सोडून देतो, ती येथे ओळीचा अर्थच पालटते.

आकड्यांची गतही अशीच. ‘२५’ हे देवनागरी अंक पायथन पंचवीस म्हणून वाचते, ऑक मात्र त्यांचे मूल्य शून्य धरते.

साक्री तालुक्यासारख्या ठिकाणी महाविद्यालयीन कार्यालयाची माहिती मराठीतच नोंदली जाते. अशा फाइली वाचणाऱ्या विद्यार्थ्याने अक्षरवर्गावर न विसंबता विभाजकावर विसंबावे, तो विभाजकही केवळ बरोबरीचे चिन्ह असा स्पष्ट नेमून द्यावा, आणि चाचणीसाठी ‘कमल’ न घेता ‘पिंपळनेर’ घ्यावे.