‘तुंबाड’: हस्तर आणि समंध

‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्यास प्रतिसाद बेताचाच मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेहून अधिक उत्पन्न मिळवून गेला. प्रेक्षकाने सहा वर्षांनी परतून यावे असे त्यात काय आहे, या प्रश्नास बहुधा एकच उत्तर दिले जाते, ते म्हणजे त्यातील दृश्ये. राही अनिल बर्वे यांचे दिग्दर्शन व पंकज कुमार यांचे छायालेखन लक्षात घेता हे उत्तर खोटे नव्हे; अपुरे मात्र आहे.

अखंड पाऊस, शेवाळलेल्या भिंती आणि त्या करड्या-हिरव्या विश्वाच्या तळाशी दडविलेले देवीचे लालभडक गर्भाशय, ही रंगयोजना डोळ्यांत भरते खरी. परंतु मनात राहते ती विनायकाची कामाची रीत. दोर सोडून विहिरीत उतरणे, पिठाचे रिंगण आखणे, भुकेल्या हस्तरापुढे कणकेची बाहुली टाकणे आणि तो ती खाण्यात गुंतला असता त्याच्या लंगोटातून मोहरा ओढून घेणे, हे सारे एखाद्या कसबी कारागिराच्या सफाईने चालते. लोभ येथे मनोविकार म्हणून दिसत नाही. तो एक धंदा आहे, त्यास हत्यारे आहेत, आणि बाप तो मुलास शिकवितो. अद्भुतास इतके व्यवहारी रूप दिल्यामुळेच ते पटते.

हे विश्व कोकणचे म्हणून मांडलेले आहे. ते कितपत कोकणचे आहे, हे श्रीवर्धनासारख्या गावाशी ताडून पाहावे. येथील जुने घर जांभ्या दगडाचे, उतरत्या छपराचे. पुढे पडवी नि ओटी, आत माजघर, आणि मागे नारळी-पोफळींची वाडी. श्रीवर्धनी बोलण्यात ‘वाडी’ हा शब्द क्षणोक्षणी येतो. बुरूज-तटबंदीचा ‘वाडा’ ही वस्तू घाटावरची. चित्रपटातील वाडा सासवडच्या पुरंदऱ्यांचा आहे. श्रीवर्धनचे देशमुख भट सिद्दीच्या जाचाने घाट चढून गेले, तेव्हा बाळाजी विश्वनाथांस पुरंदऱ्यांचे साहाय्य लाभले होते. चित्रपटाने उलट वाट धरून पुरंदऱ्यांचा वाडाच कोकणात उतरविला. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. लोभास तटबंदी शोभते, पोफळीची बाग शोभत नाही.

खरा दोष बोलण्यात आहे. पात्रांची नावे मराठी, लुगडी नऊवारी. परंतु त्यांच्या तोंडची हिंदी कोणत्याही एका गावची नव्हे. १९१८ मधील कोकणी खेड्यातील मोलकरीण आणि १९३३ मधील पुण्याचा सावकार यांच्या बोलीत जे अंतर असावयास हवे ते येथे पुसले गेले आहे. बोलीने करावयाचे काम मग पावसाकडून करून घ्यावे लागले. पाऊस इतका का पडतो याचे हेही एक कारण म्हणता येईल.

हीच गोष्ट दैवताच्या नावाची. ‘हस्तर’ हा शब्द घडविलेला आहे. मराठी कानास त्यात ‘हस्त’ ऐकू येतो, आणि सोने घेऊन धान्याकडे हात पसरणाऱ्या देवास तो बरा साजतो. परंतु ज्या भूमीची ही कथा, तिच्या भाषेत याहून नेमका शब्द तयार होता. वासना राहून मेलेल्या ब्राह्मणाचे भूत, पुरलेल्या धनावर बसून राहणारे, त्यास ‘समंध’ म्हणतात. मूळ संस्कृत शब्द ‘संबंध’. पाशाचेच नाव पिशाचास मिळाले, असा हा अर्थविकास आहे. आणि श्रीवर्धन तालुक्यात गुप्तधन ही केवळ आजीच्या गोष्टीतली वस्तू नव्हे. दिवेआगर येथे १९९७ साली सुपारीच्या बागेत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सुवर्ण मुखवटा निघाला. २०१२ च्या मार्चमध्ये त्यावर दरोडा पडला आणि दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना विनायकाचे विहिरीत उतरणे निव्वळ कल्पित वाटत नाही.

भारतभरच्या प्रेक्षकास ‘समंध’ कळला नसता, हे मान्य केले पाहिजे. तरीही दिग्दर्शकाने शब्द टाळला आणि अर्थ मात्र ठेवला. पंधरा वर्षांनी विनायक परततो तेव्हा म्हातारी मेलेली नसते. तिच्या देहातून झाड वाढलेले असते, मुळे भूमीत गेलेली असतात, आणि आत हृदय चालू असते. हस्तराहूनही भयंकर अशी ही प्रतिमा आहे; तिला चित्रपटात नाव नाही, पण मराठी प्रेक्षक ते मनातल्या मनात उच्चारतो.