कराटेच्या इतिहासाचीं साधनें : एक परीक्षण

ओकिनावा बेटांतील कराटे आणि तिच्या जोडीची कोबुदो नामक शस्त्रविद्या यांवर गेल्या शंभर वर्षांत विपुल लेखन झालें. त्यांतील बऱ्याच लेखनाचा डोलारा दोन कथांवर उभा आहे. पहिली कथा अशी कीं, प्रथम तेथील राजानें व मागाहून जपानी जेत्यांनीं शस्त्रें काढून घेतल्यामुळें निःशस्त्र शेतकऱ्यांनीं रिकाम्या हातांची विद्या निर्माण केली व विळा, जात्याचा खुंटा अशा अवजारांचीं आयुधें बनविलीं. दुसरी अशी कीं, बोधिधर्म नामक भारतीय भिक्षूनें चीनमधील शाओलिन मठांत या विद्येचें मूळ घातलें. ही दुसरी कथा आपल्याकडील कराटेवर्गांतूनहि अभिमानानें सांगितली जाते; म्हणून या साधनांची छाननी मराठी संशोधकास अप्रस्तुत नाहीं. अस्सल पत्र आणि बखर यांतला भेद जो जाणतो, त्यास ही पद्धत नवी वाटणार नाहीं.

पहिल्या कथेचा मुख्य आधार म्हणजे १५०९ चा एक शिलालेख. शुरी येथील राजवाड्याच्या दगडी कठड्यावर शो शिन राजाचीं (कारकीर्द १४७७–१५२६) अकरा सत्कृत्यें चिनी भाषेंत कोरलेलीं होतीं. त्यांपैकीं चौथ्या कलमांत तलवारी व धनुष्यबाण यांचा उल्लेख येतो. रियुक्यूच्या इतिहासाचे थोर अभ्यासक इहा फुयू (१८७६–१९४७) यांनीं त्यावरून निःशस्त्रीकरणाचा अर्थ काढला आणि पुढील लेखकांनीं मूळ न पाहतां तोच गिरविला. पुढें नाकाहारा झेन्चू यांनीं हा अर्थ खोडून काढला. कलमाचा सरळ आशय असा आहे कीं, राजानें तलवारी व धनुष्यबाण राज्यरक्षणार्थ सांठविले व या बाबतींत शेजारच्या राज्यांस त्याची बरोबरी करितां येत नाहीं. ही शस्त्रसंग्रहाची प्रशस्ति आहे. बंदीचा हुकूम नव्हे. एका कलमाच्या उलट्या वाचनावर एका विद्येची जन्मकथा उभी राहावी, हा संशोधकांनीं ध्यानीं ठेवण्याजोगा दाखला आहे.

१६०९ मध्यें सात्सुमाच्या सुमारें ३,००० सैनिकांनीं स्वारी केली, तेव्हां रियुक्यूच्या लोकांनीं कांहीं ठिकाणीं शस्त्रें घेऊन प्रतिकार केला. त्यानंतर शस्त्रांवर निर्बंध आले हें खरें. परंतु निर्बंध म्हणजे शस्त्राभाव नव्हे. शिवाय या विद्येचे जे जुने आचार्य नांवानिशीं ज्ञात आहेत, ते बहुधा नांगर धरणारे नव्हते. मात्सुमुरा सोकोन हे राजसेवेंत होते. इतोसु आन्को (१८३१–१९१५) यांनीं राजदरबारीं लेखकाचें काम केलें. लाठीचा 'साकुगावा' नांवाचा प्रसिद्ध पाठ शुरी येथील अधिकारी वर्गांतल्या एका गृहस्थाच्या नांवें चालतो. 'साई' या लोखंडी आयुधास शेतीचें अवजार म्हणतात. परंतु त्याच घडणीचीं आयुधें चीनमध्यें व आग्नेय आशियांतहि आढळतात. लोखंडाची वाण असलेल्या बेटावर शेतकऱ्यानें तें शेतीसाठीं घडविलें, हें सिद्ध करण्यास काहीं तरी लेखी पुरावा हवा.

मग विश्वसनीय लेखी पुरावा कोणता? १७६२ मध्यें रियुक्यूचें एक जहाज वादळानें भरकटून तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. तोबे योशिहिरो या विद्वानानें जहाजावरील मंडळींच्या जबान्या टिपून ठेवल्या; ती टिपणी 'ओशिमा हिक्की' या नांवानें ओळखली जाते. शिओहिरा नामक अधिकाऱ्यानें तीत सांगितलें आहे कीं, थोड्या वर्षांपूर्वीं चीनहून कोशान्कुन नांवाचा एक इसम शिष्यांसह आला. शरीरानें दुबळा असूनहि तो बलवानास लोळवीत असे. आजचा 'कुसान्कु' हा पाठ त्याच्याच नांवाचा. हें नांव कीं पदवी, याविषयीं मतभेद आहे. तरी तारीख, स्थळ, सांगणारा व लिहिणारा या चारहि गोष्टी ज्ञात असलेलें हें साधन शंभर दंतकथांहून वजनदार आहे, आणि तें चीनकडे बोट दाखवितें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं 'बुबिशी' या पोथीकडे विशेष लक्ष द्यावें. ओकिनावांतील गुरूंनीं ती नकलून जपली. तींत फूजियान प्रांतांतील श्वेतसारस पद्धतीची हकीकत, मर्मस्थानें, औषधें व झुंजीचीं चित्रें आहेत. माबुनी केन्वा यांनीं १९३४ मध्यें तिचा भाग छापला. पोथीवर कर्ता नाहीं, काल नाहीं. माओ युआन्यी याचा १६२१ चा २४० खंडांचा युद्धशास्त्रावरील ग्रंथ चिनी लिपींत याच नांवाचा असल्यामुळें कित्येकांनीं दोहोंची गल्लत केली व या लहानशा पोथीस त्या ग्रंथाची प्राचीनता बहाल केली. नामसादृश्य हा काळाचा पुरावा नव्हे. निरनिराळ्या नकलांचे पाठभेद लावूनच तिचा काळ ठरला पाहिजे.

आतां बोधिधर्म. ५४७ च्या सुमाराच्या लोयांगच्या मठांवरील ग्रंथांत त्याचा सर्वांत जुना उल्लेख आहे. तेथें तो पश्चिमेकडील पारसी देशाचा म्हटला आहे. तो दक्षिण भारतीय असल्याचें अन्यत्र सांगितलें आहे. मल्लविद्येचें नांव मात्र दोहोंत नाहीं. त्याच्या नांवावर चालणाऱ्या 'यीजिन जिंग' या व्यायामग्रंथाची ६२८ सालची म्हणून दाखविलेली प्रस्तावना बनावट ठरली आहे. ग्रंथ सतराव्या शतकांतला. इतकेंच नव्हे, तर इतोसुंनीं १९०८ मध्यें लिहिलेल्या दहा कलमी पत्राच्या आरंभींच ही विद्या बौद्ध वा कन्फ्यूशियन मतांतून निघालेली नाहीं असें स्पष्ट म्हटलें आहे. घरच्या आचार्यानें जें नाकारलें तें आपण परक्यांनीं अभिमानापोटीं कां धरून बसावें? आपल्या पूर्वजांचें यश साधार सांगण्याजोगें पुष्कळ आहे, उसनें नको.

या दंतकथा फोफावण्याचें एक कारण दुःखद आहे. १९४५ च्या लढाईंत शुरीचा राजवाडा व बेटावरील असंख्य कागद नष्ट झाले; रिकामी जागा तोंडी परंपरेनें भरून काढली. ती परंपरा त्याज्य नाहीं, पण तिला साक्षीदाराचें स्थान आहे, न्यायाधीशाचें नव्हे. कागद पारखण्यास एक कसोटीहि उपलब्ध आहे. 'कराटे' हा शब्द पूर्वीं 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांनीं लिहीत. 'रिकामा हात' या अर्थाचें अक्षर हानाशिरो चोमो यांच्या १९०५ च्या लेखनांत दिसतें व १९३६ मध्यें नाहा येथील आचार्यांच्या बैठकींत तें मान्य झालें. म्हणून त्याहून जुना म्हणून पुढें आलेल्या कागदांत हें दुसरें अक्षर दिसल्यास परीक्षकानें तेथेंच थांबून मूळ प्रत मागावी. प्रतीवांचून प्रमाण नाहीं, हा नियम पुण्यास जसा, तसाच शुरीसहि लागू आहे.