शके १२१२ ते १२१८ : एका आक्षेपाची छाननी

देवगिरीच्या पाडावाचा दोष संतांच्या निवृत्तिपर उपदेशाकडे देणारे प्रतिपादन आजही अधूनमधून आढळते. त्याचा कालक्रमच लंगडा आहे. ज्ञानेश्वरीच्या समाप्तीत शके १२१२ (इ. स. १२९०) हा काल दिला आहे, अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी १२९६ मधील. हस्तलिखितांच्या त्या युगात एका ग्रंथाने सहा वर्षांत राज्याचे क्षात्रतेज हरपले असे मानणे म्हणजे ग्रंथास भलतेच सामर्थ्य बहाल करणे होय! स्वारी आली तेव्हा राजपुत्र शंकरदेव मुख्य सैन्यासह दूर होता, हे कारण अधिक साधे व अधिक सबळ आहे. ज्ञानेश्वरांची समाधीही त्याच शके १२१८ मधील. या योगायोगाने दोन्ही घटनांत कार्यकारणभाव कल्पिण्यास वाव मिळाला असावा.

ग्रंथातील फार्सी शब्दांच्या विरळपणावर मात्र येथे विसंबता येत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शोधून घेतला, हे विसरता कामा नये. समाप्तीतील राजनिर्देश अधिक बोलका आहे. तेथे रामचंद्र यादवाचा उल्लेख न्यायाचे पोषण करणारा राजा म्हणून येतो. राज्याविषयी उदासीन असलेल्या कवीला ग्रंथसमाप्तीच्या ओव्यांत राजाच्या न्यायाची आठवण कशासाठी व्हावी?