फायलीतला जीव

सचिवालयाच्या हिरवळीवरचं जांभळीचं झाड रात्रीच्या वादळात उन्मळून पडतं आणि त्याखाली एक माणूस सापडतो. सकाळी माळी शिपायाला सांगतो, शिपाई कारकुनाला, कारकून अधीक्षकाला. जमलेल्या बाबूंना पहिली हळहळ वाटते ती जांभळांची. मग फाईल निघते. व्यापार खातं ती कृषी खात्याकडे ढकलतं. फळझाड आहे म्हणून कृषी खातं उद्यान खात्याकडे. झाड तोडता येत नसेल तर माणूसच मधोमध कापून बाहेर काढावा, अशीही सूचना येते आणि तिच्यावर रीतसर वैद्यकीय अभिप्राय मागवला जातो. माणूस कवी निघतो, तेव्हा साहित्य अकादमी त्याला सन्मानाने सदस्य करून घेते. झाड हलवणं मात्र तिच्या अखत्यारीत नसतं.

कृष्णचंदर यांची ‘जामुन का पेड’ मधे थोडी ताणलेली आहे; परदेशी पंतप्रधानाने लावलेल्या झाडाचा पेच मला जरा ओढून आणलेला वाटतो. पण तिचं खरं बळ वेगळं आहे. या कथेत दुष्ट कोणीच नाही. जो तो आपल्या टेबलापुरता बरोबर वागतो. माळी तर त्या माणसाला डाळभात भरवतो. आणि एवढ्या सगळ्या बरोबर वागण्यातून एक माणूस मरतो.

जबलपूरच्या हरिशंकर परसाईंनी हेच आणखी कमी शब्दांत केलं. ‘भोलाराम का जीव’मध्ये यमदूताच्या हातून निसटलेला जीव शोधत नारद पृथ्वीवर येतात. भोलारामची पेन्शन पाच वर्षं अडकलेली. अर्जांवर ‘वजन’ नव्हतं म्हणून ते उडून गेले, असं बाबू सांगतो. साहेबांना वजन म्हणून नारदांची वीणा चालते. शेवटी जीव सापडतो तो फायलीत, आणि तो स्वर्गात यायला तयार नाही. इथे पुराणाचा आधार नुसता गमतीपुरता नाही: चित्रगुप्ताच्या वहीतही हिशेब चुकतो, मग बाबूला काय बोलणार! ‘इन्स्पेक्टर मातादीन चांद पर’मध्ये परसाई याहून तिखट होतात. चंद्रावरच्या पोलिसांना शिकवायला गेलेला मातादीन आधी त्यांचे पगार कमी करायला लावतो, मग जखमीला इस्पितळात पोचवणाऱ्यालाच खुनी ठरवतो. पुढे चंद्रावर पडलेल्याला हात द्यायला कोणी धजत नाही.

मंटोची जात निराळी. ‘नया कानून’मधला लाहोरचा टांगेवाला मंगू १ एप्रिलपासून नवा कायदा येणार या ऐकीव बातमीवर विसंबून गोऱ्याला बदडतो आणि थेट कोठडीत जातो. १९३५च्या भारत सरकार कायद्यावर एवढं नेमकं भाष्य मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही, आणि त्या कायद्याचं एक कलमही कथेत नाही.

मराठीत काय? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून चिं. वि. जोशींपर्यंत आपली विनोदी कथा रूढींत आणि घरसंसारात जास्त रमली. मिरासदार, शंकर पाटील यांनी गावचं राजकारण कथेत आणलं, पण त्यांचा सूर बहुधा लोभाचा. पुढाऱ्याचं धोतर ओढतील, सोडणार नाहीत. खरा राजकीय डंख आपण रंगमंचावर ठेवला. वगनाट्यातला राजा-कोतवाल घ्या, सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ घ्या, किंवा १९७२चं तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’. समोर प्रेक्षक बसलेला असला की मराठी लेखकाला धीर येतो, असं मला अनेकदा वाटतं. कागदावर, एकट्या वाचकासमोर, तो सौम्य होतो. दिवाळी अंकांतली आजची उपहासकथा तर बरेचदा नेत्याच्या लकबीवर उभी असते. नेता पडला की कथाही पडते.

‘जामुन का पेड’ तशी पडली नाही. २०१९ साली आयसीएसई मंडळाने ती दहावीच्या हिंदी अभ्यासक्रमातून काढली. त्या वयाच्या विद्यार्थ्यांना ती योग्य नाही, असं कारण दिलं. कृष्णचंदर मुंबईत १९७७ साली वारले. म्हणजे लेखक जाऊन बेचाळीस वर्षं झाली होती, आणि कथेत एकाही मंत्र्याचं नाव नव्हतं.