आधी कमवा, मग नदी धुवा?

विकसनशील देशांनी पर्यावरणावर किती खर्च करावा, हा प्रश्न निघाला की एक वक्ररेषा हमखास पुढे केली जाते. पालथ्या वाटीसारखी. उत्पन्न वाढायला लागलं की प्रदूषण वाढतं आणि एका टप्प्यानंतर लोकांकडे पैसा आला की उतरतं. १९९१ साली ग्रॉसमन आणि क्रूगर यांनी हे मांडलं, तेही हवेतल्या मोजक्या प्रदूषकांपुरतं. पुढे त्याचा मंत्रच झाला : आधी कमवा, मग साफ करा.

आता ही रेषा घेऊन सांगलीला चला. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, सातारा जिल्हा ओलांडून सांगलीत येते. इथं शेरी नाल्याचं सांडपाणी तिच्यात मिसळतं, ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे. योजना होतात, पंप बसतात, निधी खर्ची पडतो. सांडपाणी शुद्ध करायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण हिशेबात हा सगळा पैसा ‘पर्यावरण संरक्षण’ म्हणून धरला जातो. म्हणजे घाण जितकी जास्त, तितके आपण कागदावर पर्यावरणप्रेमी! जी घाण झालीच नाही, तिचा रकाना कुठंय?

साताऱ्याजवळचं कास पठार बघा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेलं. पर्यटकांच्या शुल्कातून पठाराची राखण होते, आसपासच्या गावांना रोजगार मिळतो. चांगलंच आहे. अडचण एवढीच, की उत्पन्न गर्दीवर अवलंबून आणि फुलांना धोकाही गर्दीचाच.

तिसरं उदाहरण दुष्काळी खानापूर तालुक्यातलं, येरळा नदीचं. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. वाळू गेली की पाणी धरून ठेवणारं पात्रच रिकामं होतं, विहिरी आटतात. ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीनं बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी हा उपसा अडवला. मग मर्यादित वाळू स्वतः विकली, त्या पैशाला श्रमदानाची जोड दिली आणि बळीराजा धरण बांधलं. पाणीवाटपाचं तत्त्व काय ठरलं? प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा. भूमिहीनांनाही.

इथं श्रीमंत होण्याची वाट कुणी पाहिली नाही. त्या वक्ररेषेप्रमाणे या माणसांनी अजून नदीचा विचारसुद्धा करायला नको होता! केला, कारण नदी गेली तर आपणच जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. एका छोट्या धरणानं कृष्णा खोऱ्याचे सगळे प्रश्न सुटत नाहीत, हे मान्य. पण प्रश्न विचारायचा कसा, हे त्यानं दाखवलं. नदीतून पैसा कोण काढतो, तो नदीकडे परत येतो का, आणि हिशेब कुणाच्या हातात आहे?

गंमत म्हणजे या रेषेला ज्यांचं नाव आहे त्या सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये मूळ मुद्दा मांडला होता तो विषमतेचा. पर्यावरणावर ती रेषा चढवताना आकार तेवढा घेतला, विषमता मागे सोडली. येरळाकाठच्या लोकांनी मात्र दोन्ही प्रश्न एकत्रच धरले. तेव्हा अर्थसंकल्पात पर्यावरणाला किती कोटी दिले, हे ऐकलं की टाळ्या वाजवण्याआधी वाटपाचा नियम विचारा.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.