मायांचा ग्रंथ आणि मायांचा देश

परदेशच्या पुराणांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा नामसाम्यापासून सुरू होतो. मध्य अमेरिकेंतील माया लोकांचा विषय निघाला कीं आमच्या वर्गांत कोणीतरी मयासुराचें नांव घेतोच. चमनलाल यांच्या 'हिंदु अमेरिका' (१९४०) ह्या ग्रंथानेंही त्या संस्कृतीचें मूळ भारतांत शोधण्याचीच वाट धरली. ह्यांत अभिमान पुष्कळ आहे, जिज्ञासा थोडी; कारण उत्तर आधीं ठरवून मग पुरावा गोळा केलेला असतो.

ह्याच्या उलट जॉन लॉइड स्टीफन्स ह्या अमेरिकन प्रवाशाचें १८४१ चें प्रवासवर्णन पाहावें. चित्रकार कॅथरवुड यास घेऊन तो कोपानच्या अरण्यांत शिरला. तेथील भग्न नगरी त्यानें ५० डॉलरांस विकत घेतली, हें वाचून हंसूं येतें आणि रागही येतो. परंतु शिलालेखांतील एकही अक्षर लागत नसतां त्यानें दिलेला निर्णय अचूक होता: हीं नगरें मिसरच्या लोकांनीं नव्हे, तर तेथल्याच रहिवाशांच्या पूर्वजांनीं बांधलीं.

स्टीफन्सला जें मिळालें नाहीं तें आपणांस मिळालें आहे. 'पोपोल वूह' हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या मध्यास ग्वाटेमालांतील किचे सरदारांनीं आपल्या भाषेंत, परंतु रोमन लिपींत लिहिला. मूळ प्रत गेली. हिमेनेस नांवाच्या पाद्रीनें अठराव्या शतकाच्या आरंभीं केलेली नक्कल आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयांत आहे. देवांनीं मातीचा मनुष्य केला, तो विरघळला. मग लाकडाचीं माणसें केलीं. तीं बोलूं लागलीं, पण त्यांना अंतःकरण नव्हतें, कर्त्याचें स्मरण नव्हतें. तेव्हां त्यांच्याच घरचीं मडकीं, तवे, पाटे आणि पाळलेलीं कुत्रीं त्यांच्यावर उलटलीं. रोज जाळल्याचा, घासल्याचा, उपाशी ठेवल्याचा सूड त्यांनीं घेतला. शेवटीं पिंवळ्या व पांढऱ्या मक्यापासून चार पुरुष घडले. त्यांची दृष्टि इतकी दूर पोहोंचे कीं देवांसच धास्ती पडली, आणि आरशावर फुंकर घालावी तसे त्यांनीं त्यांचे डोळे अंधुक केले. प्रलयाच्या कथेंत सैपाकघर इतक्या ठसठशीतपणें आलेलें आम्हांस अन्यत्र आढळलें नाहीं.

डेनिस टेडलॉक यांचें इंग्रजी भाषांतर (१९८५) आम्ही श्रेष्ठ मानतों. ते मोमोस्तेनांगो गांवीं राहिले, २६० दिवसांचें जुनें पंचांग अद्याप चालविणाऱ्या तेथील जोशांच्या हाताखालीं शिकले, आणि त्यांपैकीं आंद्रेस शिलोह यांच्याबरोबर बसून त्यांनीं किचे पाठ वाचला. ह्या पद्धतींत दोष नाहीं असें नव्हे. आजच्या आचारावरून चार शतकांपूर्वींचा शब्द उलगडतांना मधल्या ख्रिस्ती काळाचा थर कोठें संपतो, हें वाचकास नेहमींच कळत नाहीं. तरीही हा प्रवास अवशेषांकडे नसून माणसांकडे आहे, आणि तेथें त्याचें महत्त्व. माया लोक 'लुप्त' झाले असें लिहिणारीं पुस्तकें निघत असतांच ग्वाटेमालांत १९६० ते १९९६ यादवी युद्ध चाललें होतें. ओळख पटलेल्या बळींपैकीं ८३ टक्के माया होते, असें १९९९ च्या सत्यशोधन आयोगानें नमूद केलें.

ह्या ग्रंथाचें मराठी भाषांतर कोणी हातीं घेईल तर त्यास इंग्रजी भाषांतरकारांहून एक सोय अधिक आहे. मका वाटण्याचा तो दगड त्यांना समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे पाटा-वरवंटा म्हटलें कीं झालें.