हरणाऱ्यानं बोलू नये काय?



मागच्या वेळी आपण कारण आणि योगायोग यांतला फरक बघितला. उदाहरणं फार पुस्तकी होती, अशी तक्रार काही श्रोत्यांनी कळवली. तक्रार मान्य आहे. म्हणून आज मैदानावरचं उदाहरण घेऊ. आम्ही स्वतः कॉलेजच्या क्रिकेट संघात बाराव्या गड्याच्या वर कधी गेलो नाही, त्यामुळे खेळातलं ज्ञान आमच्याकडून अपेक्षू नका. आज बघायचा आहे तो खेळ नसून खेळावरचा वाद आहे.

२०१६च्या ऑक्टोबरात आम्ही पुतण्याकडे कॅलिफोर्नियात, सांता क्लाराजवळ महिनाभर राहिलो होतो. सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं मैदान तिथेच आहे. रविवारी पुतण्याचे दोन मित्र सामना बघायला यायचे आणि सामन्यापेक्षा जास्त वेळ भांडायचे. एक म्हणायचा, ‘आधी जिंकून दाखव, मग गुडघे टेक.’ दुसरा म्हणायचा, ‘तो चांगलाच खेळतोय, बाकीचा संघ भिकार आहे.’ हे दोघे एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलताहेत असं आम्हाला तेव्हा वाटलं. ते एकाच गृहीतकावर उभे राहून भांडत होते, हे कळायला आम्हाला काही वर्षं लागली. ते गृहीतक काय आणि ते चूक का, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी घटना. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाचा नव्हे. यात लंबगोल चेंडू हातात घेऊन पुढे सरकायचं असतं, आणि चढाई ज्याच्या हातून चालते त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. फोर्टी नाइनर्सचा क्वार्टरबॅक होता कॉलिन केपर्निक. २०१३च्या फेब्रुवारीत त्यानं संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तो सामना ते बाल्टिमोरकडून ३४-३१ असे हरले. २०१४ साली त्याच्याशी सहा वर्षांचा, १२ कोटी ६० लाख डॉलरपर्यंत जाऊ शकणारा करार झाला. मग उतार लागला. २०१५ च्या हंगामात तो मधेच संघाबाहेर बसला, दुखापतीही झाल्या.

२०१६च्या जुलैत अमेरिकेत लागोपाठ दोन दिवसांत आल्टन स्टर्लिंग आणि फिलँडो कॅस्टील हे दोन कृष्णवर्णीय पुरुष पोलिसांच्या गोळीनं मेले. ऑगस्टमध्ये, सरावाच्या सामन्यांआधी राष्ट्रगीत चालू असताना केपर्निक बाकावर बसून राहिला. पहिले दोन सामने हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिसऱ्या वेळी आलं. कृष्णवर्णीयांवर अन्याय करणाऱ्या देशाच्या झेंड्यासाठी अभिमानानं उभं राहणं आपल्याला जमणार नाही, असं त्यानं कारण दिलं. मग नेट बॉयर या माजी सैनिकानं त्याची भेट घेतली. सैनिकांचा अपमान होऊ नये आणि निषेधही राहावा, म्हणून बसण्याऐवजी एक गुडघा टेकायचं ठरलं. १ सप्टेंबरला सॅन डिएगोत तो आणि सहकारी एरिक रीड गुडघ्यावर बसले. त्या हंगामात संघानं १६ सामन्यांपैकी २ जिंकले आणि १४ हरले. २०१७च्या मार्चमध्ये केपर्निक स्वतःच करारातून बाहेर पडला. त्यानंतर कोणत्याही संघानं त्याला घेतलं नाही.

आता चाहत्यांचे युक्तिवाद एकेक करून बघू.

पहिला युक्तिवाद: निषेधामुळे संघाचं लक्ष विचलित झालं, म्हणून संघ हरला. आधी निषेध, नंतर पराभव, म्हणून निषेध हे कारण. मागच्या व्याख्यानातला ‘कावळा बसला आणि फांदी मोडली’ हाच हा प्रकार. फांदी आधीपासून मोडकळीला आली होती. २०१४च्या हंगामानंतर प्रशिक्षक जिम हार्बो गेले. २०१५च्या उन्हाळ्यापर्यंत पॅट्रिक विलिस, जस्टिन स्मिथ यांच्यासारखे खांब निवृत्त झाले. २०१५मध्ये, म्हणजे कुणी गुडघा टेकण्याच्या आधीच्या वर्षी, संघ १६पैकी ११ सामने हरला होता. २०१६च्या पहिल्या पाच सामन्यांत तर केपर्निक मुख्य क्वार्टरबॅक नव्हताच. त्यांतले चार गेले. आणि संपूर्ण हंगामात संघाच्या बचावानं ४८० गुण दिले, साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक. बचावाच्या वेळी क्वार्टरबॅक मैदानाबाहेर उभा असतो. प्रतिस्पर्धी आपल्या बचावफळीला तुडवून जातो, याचं खापर त्याच्या गुडघ्यावर कसं फोडणार?

राहिला लक्ष विचलित होण्याचा भाग. ते कोणाचं व्हायला हवं होतं? सहकाऱ्यांचं. त्या संघात प्रेरणादायी आणि धाडसी खेळासाठी लेन एशमाँट पुरस्कार असतो, तो सहकारी खेळाडूंच्या मतानं दिला जातो. २०१६चा तो पुरस्कार त्यांनी केपर्निकला दिला. लक्ष विचलित झालं असलंच तर ते सोफ्यावर बसलेल्यांचं.

दुसरा युक्तिवाद अधिक जड आहे, त्याला न्याय द्यायला हवा. तो असा: त्याला कोणी घेतलं नाही ते निषेधामुळे नव्हे, खेळ घसरल्यामुळे. खेळ घसरला होता हे खरंच आहे. २०१६मध्ये त्यानं सुरुवात केलेल्या ११ सामन्यांतला एकच संघानं जिंकला. २०१३चा केपर्निक आता राहिला नव्हता, असं म्हणणारा माणूस द्वेषानंच बोलतो असं समजणं अन्यायाचं होईल.

पण इथे प्रश्न काय होता ते नीट बघा. तो उत्तम आहे का, हा प्रश्न नव्हता. लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक जण दोन-तीन क्वार्टरबॅक बाळगतो. म्हणजे तो पहिल्या साठ-सत्तरांत बसतो का, एवढाच प्रश्न होता. २०१६मध्ये त्याच्या फेकींवर १६ टचडाउन झाले आणि प्रतिस्पर्ध्यानं चेंडू पळवला तो फक्त ४ वेळा. २०१७च्या ऑगस्टमध्ये मायामीच्या संघाचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला, तेव्हा त्यांनी जे कटलरला आणलं. कटलर खेळ सोडून समालोचक व्हायला निघाले होते. एरिक रीडचं बघा. त्याचं काम बचावातलं, वेगळ्याच जागेचं. त्याचा करार संपल्यावर तोही २०१८च्या सप्टेंबरअखेरपर्यंत घरी बसून राहिला. दोन वेगळ्या जागा, दोन वेगळे आलेख, समान धागा एकच.

एवढं दाखवलं की युक्तिवाद आपला वेष बदलतो. ‘तसं नव्हे, पण इतका गोंधळ ओढवून घेण्याइतका तो चांगला नाही.’ शब्द तोच ठेवला आणि अर्थ बदलला, तो हा असा. सुरुवातीला ‘कामगिरी’ म्हणजे चेंडू किती अचूक फेकतो. आता ‘कामगिरी’ म्हणजे चेंडू फेकणं, वजा त्याच्या निषेधानं रागावलेली गिऱ्हाइकं. मग निषेधामुळे नव्हे असं कसं म्हणता येईल? निषेध तर तुम्ही वजाबाकीत मांडलाच आहे. २२ सप्टेंबर २०१७ला अलाबामातल्या हंट्सव्हिल इथे खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी, गुडघा टेकणाऱ्यांना मालकांनी हाकलून द्यावं, असं शिवी हासडून जाहीर सभेत सांगितलं. ते निदान स्पष्ट होतं. आमच्या पुतण्याच्या पहिल्या मित्राइतका आडपडदा त्यात नव्हता.

केपर्निक आणि रीड यांनी, संघमालकांनी संगनमत केल्याची तक्रार लीगविरुद्ध नोंदवली. ती २०१९च्या फेब्रुवारीत तडजोडीनं मिटली. तडजोड म्हणजे निकाल नव्हे, म्हणून संगनमत सिद्ध झालं असं आम्ही म्हणणार नाही.

इथवर ऐकून काही जणांना वाटेल की हे आजोबा दुसऱ्या मित्राच्या बाजूचे. तसं नाही. आमची खरी तक्रार त्याच्याशीच आहे, कारण तो आपल्यातला आहे. त्यानं आकडे काढले. आत्ता आम्हीही काढले! पहिल्याच्या चुकीच्या विधानाला उत्तर म्हणून ते ठीक आहेत. पण त्यावर विसंबून ‘म्हणून त्याला बोलायचा हक्क आहे’ असं म्हटलं, की पहिल्याचा नियम आपण मान्य केला. बोलण्याचा परवाना गुणफलकावर मिळतो, हा तो नियम. भांडण उरतं ते फक्त गुण पुरेसे आहेत की नाहीत याचं.

आता उलटा विचार करा. समजा, तो खरोखरच अगदी सुमार असता. १६ टचडाउनऐवजी २ असते. मग आल्टन स्टर्लिंगच्या मृत्यूबद्दलचा प्रश्न कमी खरा झाला असता का?

१९६८चं मेक्सिको ऑलिंपिक आठवा. टॉमी स्मिथ २०० मीटर १९.८३ सेकंदांत धावला, तो विश्वविक्रम होता. मग पदकाच्या चौथऱ्यावर त्यानं आणि जॉन कार्लोसनं काळ्या हातमोज्यातली मूठ उंचावली. स्मिथ आठवा आला असता तर ती मूठ जगानं पाहिली नसती, हे अगदी मान्य. पण नीट बघा, कामगिरीनं त्याला चौथरा मिळवून दिला. त्याचं म्हणणं खरं की खोटं, हे चौथऱ्यानं ठरलं नाही. आणि ते म्हणण्याचा अधिकार तर धावण्याच्या आधीही त्याच्याकडे होता. ऐकू जाणं, खरं असणं आणि अधिकार असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गुणफलकाचा संबंध फक्त पहिल्या गोष्टीशी.

हे दुसऱ्यांच्या देशातलं आहे म्हणून सोपं वाटतं. आता घरी या. २०२३मध्ये आपल्या महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या होत्या. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते, ते त्यांनी नाकारले होते. तेव्हा ‘यांचं कुस्तीतलं वय संपत आलंय, म्हणून हे चाललंय’ असं आम्ही इथे नाक्यावरही ऐकलं. पुढे ६ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट यांनी जपानच्या युई सुसाकीला हरवलं आणि त्याच दिवशी अंतिम फेरी गाठली. आम्ही टाळ्या वाजवल्या. घरात म्हणालोही, ‘मिळालं सगळ्यांना उत्तर!’ दुसऱ्या दिवशी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि त्या बाद झाल्या.

मग ते उत्तर परत गेलं का? १०० ग्रॅमनी जंतरमंतरवरचं म्हणणं खोटं ठरलं का? नाही ठरलं. म्हणजे आदल्या दिवशीच्या विजयानं ते खरंही ठरलं नव्हतं. त्या आरोपांची जागा न्यायालयात आहे, आखाड्यात नाही. आपण टाळ्या वाजवताना नकळत पहिल्या मित्राची भाषा बोललो होतो.

चाहत्याची बाजूही सांगायला हवी. तिकीट काढणारा म्हणतो, ‘आठवडाभर राबून तीन तास करमणुकीला येतो, इथे राजकारण नको.’ या माणसाची आम्ही थट्टा करणार नाही. ज्याचा मुलगा लष्करात आहे आणि ज्याला तो गुडघा खरंच लागला, त्याचीही नाही. त्यांना न आवडण्याचा, तिकीट न काढण्याचा पुरता हक्क आहे. पण मैदान आधी निर्मळ होतं असं मात्र नव्हे. संरक्षण खात्यानं व्यावसायिक संघांना पैसे देऊन देशभक्तीचे कार्यक्रम मैदानावर करवून घेतले, हे जॉन मकेन आणि जेफ फ्लेक या सिनेटरांनी २०१५मध्येच अहवाल काढून उघड केलं होतं. राजकारण तिथे होतंच. खटकला तो त्यातला न विचारता आलेला आवाज.

शेवटी एक कबुली देतो, कारण ती न देता हे व्याख्यान देणं बरं दिसणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात आम्ही वसतिगृहाचे प्रमुख होतो. एक मुलगा खोलीत आला. म्हणाला, ‘सर, पाण्याची टाकी किती महिने धुतलेली नाही, मुलं आजारी पडताहेत.’ बरोबर चार मुलं होती. आम्ही चष्मा वर करून विचारलं, ‘तुझे गेल्या वर्षी किती विषय राहिले?’ दोन राहिले होते. बाकीची मुलं हसली. तो गप्प झाला आणि गेला. त्या दिवशी आम्हाला आपण फार हजरजबाबी वाटलो होतो. टाकी खरंच घाण होती. पुढच्या आठवड्यात आम्ही ती गुपचूप धुऊन घेतली, पण त्या मुलाला बोलावून तसं सांगितलं नाही. तर्कशास्त्र आम्ही तेव्हाही शिकवतच होतो.

२०२०च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर, लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही चूक झाली, असं जाहीरपणे मान्य केलं. त्या निवेदनात केपर्निकचं नाव नव्हतं. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता आणि संघाविना होता. टाकी धुतली, मुलाला बोलावलं नाही, असंच हेही झालं.

म्हणून श्रोत्यांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी एखादा खेळाडू, नट, विद्यार्थी किंवा कारखान्यातला कामगार काही म्हणेल, आणि तोंडावर येईल ‘आधी तुझं काम बघ’, तेव्हा एक क्षण थांबा. त्याचं काम वाईट असेलही. ते वेगळं तपासा, हवं तर कठोरपणे तपासा. पण टाकी घाण आहे की नाही, ते टाकीत डोकावूनच बघावं लागेल.

आता प्रश्न घेऊ. फोर्टी नाइनर्सचे कोणी चाहते ऐकत असतील तर आधी त्यांनी बोलावं. खेळाबद्दल काही चुकलं असेल तर जरूर सुधारा.